प्राथमिक निवडणुकीचे मतदार आणि अमेरिकेतलं ध्रुवीकरण: अभ्यासाला सुरुवात कशी करावी

अमेरिकेच्या राजकारणाविषयी वाचताना एक विधान हमखास भेटतं: प्राथमिक निवडणुकीत मूठभर कट्टर लोक मत देतात, तेच उमेदवार ठरवतात, म्हणून टोकाची माणसं निवडून येतात आणि देश दुभंगतो. ऐकताक्षणी पटावं असं हे विधान आहे. पण त्यात एकापाठोपाठ चार दावे गुंफलेले आहेत: मतदार थोडे असतात, ते कट्टर असतात, ते कट्टर उमेदवार निवडतात, आणि त्यातून ध्रुवीकरण वाढतं. पहिला दावा सहज सिद्ध होतो. खरी मेहनत दुसऱ्या दाव्यापासून सुरू होते.

राज्यशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार आणि आकडेवारीत रमणारे वाचक यांच्यासाठी हे लिहिलं आहे. लागणारी बहुतेक माहिती फुकट मिळते. पुण्यात, नांदेडला किंवा न्यू जर्सीत बसूनही हे काम होतं. आर किंवा पायथन ही संगणकभाषा थोडीफार यायला हवी. अमेरिकी निवडणूक कायद्याची आधी माहिती नसली तरी चालेल.

१. उमेदवारी कशी मिळते ते आधी समजून घ्या

आपल्याकडे उमेदवारी पक्ष देतो. एबी फॉर्म कोणाच्या हाती पडणार यावर अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत तर्क चालतात, आणि मतदाराला त्यात कुणी विचारत नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसने काही मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवायचा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यात होते. तिथे मत द्यायचा हक्क मात्र पक्षाच्याच माणसांना होता. अमेरिकेतली प्राथमिक निवडणूक राज्याच्या कायद्याने चालते, ती सरकारी यंत्रणा घेते, आणि तिच्यात साधा मतदार मत देतो.

ही पद्धत जुनी आहे. विस्कॉन्सिनने १९०३ मध्ये, रॉबर्ट ला फॉलेट गव्हर्नर असताना, थेट प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला आणि पुढच्या दीड दशकात बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. हेतू होता पक्षातल्या दादा लोकांच्या हातून उमेदवारी काढून घ्यायचा. राष्ट्राध्यक्षपदाची गोष्ट वेगळी. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकाही राज्याच्या प्राथमिक निवडणुकीत स्वतः न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनात त्यावरून रण माजलं, आणि पक्षाच्याच मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाच्या शिफारशींनंतर १९७२ पासून प्राथमिक निवडणुकांना निर्णायक वजन आलं. १९०३ आणि १९७२ या दोन तारखा लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

आता प्रकार. बंद पद्धतीत फक्त त्या पक्षात नोंद असलेला मतदार मत देतो. न्यूयॉर्कमध्ये असं आहे. खुल्या पद्धतीत कोणीही कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका घेतो. व्हर्जिनिया आणि मिशिगनमध्ये मतदार यादीत पक्षाचा रकानाच नसतो. यांच्या मधली पद्धत नॉर्थ कॅरोलिनात आहे: पक्षात नोंद असलेल्याने आपल्याच पक्षात मत द्यायचं, कुठेच नोंद नसलेल्याने कुठलीही एक मतपत्रिका निवडायची. वॉशिंग्टन राज्यात २००८ पासून आणि कॅलिफोर्नियात २०१२ पासून सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. अलास्काने २०२० मध्ये पहिले चौघे आणि मग पसंतीक्रम अशी पद्धत स्वीकारली, ती २०२२ मध्ये पहिल्यांदा वापरली गेली.

मराठी वाचकाला यातलं एक उदाहरण जवळचं वाटेल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून, म्हणजे डेट्रॉइट परिसरातून, अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून आले. ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं पडली. तेवढी पुरली, कारण तिथे सर्वाधिक मतं घेणारा जिंकतो. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना ७० टक्क्यांहून अधिक मतं मिळाली, कारण मतदारसंघच डेमोक्रॅट्सचा आहे. खरी निवडणूक ऑगस्टमध्येच झाली होती. प्राथमिक निवडणुकीचा निकाल वाचताना म्हणूनच दोन गोष्टी आधी बघा: किती जण उभे होते, आणि जिंकायला किती मतं लागत होती. मतदार कट्टर आहेत की नाहीत हा प्रश्न त्यानंतर येतो. मतं नऊ ठिकाणी फुटली की मतदार कसेही असोत, निकाल कुठेही जाऊ शकतो.

२. टक्केवारी कशाची, ते ठरवा

मध्यावधी वर्षांत, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसते अशा निवडणुकीच्या वर्षांत, प्राथमिक निवडणुकीला साधारण पाचातला एक पात्र मतदार जातो. "पात्र" या शब्दावर थांबा. भागाकारात खाली काय घ्यायचं यावर आकडा पार बदलतो: अठरा वर्षांवरचे सगळे रहिवासी, मतदानाला पात्र नागरिक, नोंदणी झालेले मतदार, की त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देण्याचा हक्क असलेले मतदार? बंद पद्धतीच्या राज्यात शेवटचा गट लहान असतो, खुल्या राज्यात तो म्हणजे अख्खी यादी. दोन राज्यांची तुलना करताना एकीकडे नोंदणीकृत आणि दुसरीकडे पात्र नागरिक घेतले, तर कागदावर दिसणारा फरक मतदारांचा नसून तुमच्या भागाकाराचा असतो.

एक गाजलेला निकाल हातात घेऊ. १० जून २०१४ रोजी प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियाच्या सातव्या मतदारसंघात डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले: ब्रॅट ३६,१०५, कँटर २८,९१२. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये याच कँटरना २ लाख २० हजारांहून जास्त मतं मिळाली होती. बहुतेकांनी निष्कर्ष काढला की कमी मतदानाने घात केला. पण २०१२ च्या त्यांच्या प्राथमिक निवडणुकीत सुमारे ४७ हजार मतं पडली होती आणि २०१४ मध्ये सुमारे ६५ हजार. मतदान वाढलं होतं आणि नेता पडला. नोव्हेंबरशी तुलना केली तर एक गोष्ट दिसते, मागच्या जूनशी केली तर दुसरीच. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि अहवालात दोन्ही द्यायला हवेत.

३. एक राज्य निवडा आणि मतदार यादी उघडा

पहिल्याच अभ्यासात पन्नास राज्यं घेऊ नका. माझा सल्ला नॉर्थ कॅरोलिनाचा. तिथलं राज्य निवडणूक मंडळ मतदार यादी आणि मतदानाचा इतिहास संकेतस्थळावर फुकट ठेवतं, मतदाराचा नोंदलेला पक्ष, वय, लिंग आणि वंश त्यात असतो, आणि मुख्य म्हणजे प्राथमिक निवडणुकीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली तेही असतं. कोणाला मत दिलं हे अर्थातच नसतं. मिशिगनमध्ये ही सोय नाही: ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी असतात, कोणता भरला ते मतदारालाच ठाऊक.

दोन फाइली लागतात. एक नोंदणीची, त्यात दर मतदाराची एक ओळ. दुसरी इतिहासाची, त्यात दर मतदाराच्या दर मतदानाची एक ओळ. अख्ख्या राज्याची फाइल एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका. एक्सेल साडेदहा लाखांच्या आसपास ओळींवर थांबतं आणि बाकीच्या गळतात. आधी एकच काउंटी (साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या. दोन्ही फाइली जोडताना काउंटीचा नोंदणी क्रमांक वापरू नका, तो काउंटीपुरताच असतो. राज्यभर एकच राहणारा एनसीआयडी नावाचा क्रमांक दोन्हीकडे असतो, त्यावर जोडा.

आता एक खरी निवडणूक. १७ मे २०२२ रोजी राज्याच्या पश्चिमेच्या डोंगराळ अकराव्या मतदारसंघात रिपब्लिकन प्राथमिक निवडणूक झाली. विद्यमान खासदार मॅडिसन कॉथॉर्न यांना डोनाल्ड ट्रम्प यांचा पाठिंबा होता. राज्याचे सिनेटर चक एडवर्ड्स त्यांच्याविरुद्ध उभे होते आणि एडवर्ड्स यांच्यामागे अमेरिकी सिनेटर टॉम टिलिस होते. एकूण आठ उमेदवार. एडवर्ड्स साधारण ३३ टक्क्यांवर जिंकले, कॉथॉर्न दोन टक्क्यांहून कमी फरकाने मागे राहिले. पक्षात नोंद नसलेल्या मतदारांनी रिपब्लिकन मतपत्रिका घेऊन कॉथॉर्नना पाडलं, अशी तेव्हा चर्चा होती. हे तपासता येतं का?

अर्धं येतं. हेंडरसन काउंटी घ्या, दोघेही तिथलेच. इतिहासाच्या फाइलीतून त्या तारखेच्या ओळी काढा, त्यातून रिपब्लिकन मतपत्रिका घेतलेले वेगळे करा आणि त्यांना नोंदणीच्या फाइलीशी जोडून नोंदलेल्या पक्षाचा तक्ता करा. तक्त्यात दोन मोठे गट यायला हवेत: रिपब्लिकन आणि पक्षाविना. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले लोकही दिसले, तर काहीतरी चुकलंय असं समजा, कारण नॉर्थ कॅरोलिनात डेमोक्रॅटला रिपब्लिकन मतपत्रिका मिळतच नाही. कारण बहुधा हेच असतं: तुम्ही आजची नोंदणी फाइल वापरली, आणि त्या माणसाने मधल्या काळात पक्ष बदलला. मंडळाकडे जुन्या तारखांच्या प्रतीही असतात. निवडणुकीच्या आधीची सर्वांत जवळची प्रत घ्या आणि तक्ता पुन्हा करा. ही एक तपासणी केली तर पुढचे कितीतरी घोळ टळतात.

मग त्याच्याही आधीची, समजा सहा महिन्यांपूर्वीची, प्रत जोडा. मे महिन्यात "पक्षाविना" असलेल्यांपैकी किती जण तेव्हा डेमोक्रॅट होते? हा आकडा रंजक असतो, कारण पक्ष सोडून पक्षाविना होणं ही मुद्दाम, मुदतीच्या आत केलेली कृती आहे. मात्र त्यामागचा हेतू आकड्यात दिसत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पक्षाविना मतदार हा राज्यातला सर्वांत मोठा गट झाला. लोक एरवीही पक्ष सोडतच होते. म्हणून शेजारच्या एखाद्या मतदारसंघातला याच काळातला वेग काढा आणि दोन्ही आकडे बाजूबाजूला ठेवा.

आणि इथे हात आखडता घ्या. पक्षाविना मतदारांनी मोठ्या संख्येने रिपब्लिकन मतपत्रिका घेतल्या, इतकं तुम्ही म्हणू शकता. त्यांनी एडवर्ड्सना मत दिलं हे यादीतून कळत नाही. ज्या मतदान केंद्रांवर असे मतदार जास्त होते तिथे एडवर्ड्सना जास्त मतं पडली, असं दिसलं तरीही व्यक्तीने काय केलं ते सिद्ध होत नाही. कदाचित त्या भागातले पक्के रिपब्लिकनच एडवर्ड्सकडे झुकलेले असतील. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी बोलण्याचा हा मोह या क्षेत्रात सगळ्यांत जास्त नुकसान करतो. चांगल्या चांगल्या बातम्यांतही तो दिसतो.

४. धोरणांवरची मतं मोजायची तर सर्वेक्षणाकडे जा

यादीत वय आहे, पक्ष आहे, पण गर्भपात, बंदुका, स्थलांतर, कर यांवर मतदाराला काय वाटतं ते नाही. त्यासाठी कोऑपरेटिव्ह इलेक्शन स्टडी हे सर्वेक्षण बघा. ते २००६ पासून चालू आहे, निवडणुकीच्या वर्षांत त्यात ५० हजारांहून अधिक लोक असतात आणि विदा (डेटा) कोणालाही उतरवून घेता येतो. त्याचं मोठं बळ असं की उत्तरदात्यांची नावं मतदार याद्यांशी जुळवून खरोखर मत दिलं का ते तपासलेलं असतं, प्राथमिक निवडणुकीसाठीही. हे महत्त्वाचं आहे, कारण "मत दिलं का?" विचारल्यावर न दिलेले लोकही हो म्हणतात, आणि राजकारणात रस असलेले तर अधिकच.

जुळवणीचा रकाना वापरताना एक खाचखळगा आहे. यादीत माणूस सापडला पण मतदानाची नोंद नाही, तर त्याने मत दिलं नाही असं मानता येतं. माणूसच सापडला नाही तर तो नोंदणीविना असेल किंवा नाव-पत्ता जुळला नसेल. या दुसऱ्या गटाला डोळे मिटून "मत न देणारे" धरू नका. दोन्ही प्रकारे गणित करून बघा, निष्कर्ष बदलतो का ते लिहा.

उत्तरदात्यांची संख्याही बघा. देशपातळीवर ५० हजार भरपूर. पण एका राज्यात दीड-दोन हजार असतील, त्यातले पाचातले एक प्राथमिक मतदार, आणि ते दोन पक्षांत विभागलेले, म्हणजे हाती दीड-दोनशे माणसं उरतात. एका मतदारसंघाविषयी यातून काहीच सांगता येणार नाही.

कट्टरता कशी मोजायची? "तुम्ही स्वतःला उदारमतवादी म्हणवता की पुराणमतवादी?" या एका प्रश्नावर विसंबू नका. राजकारणात बुडालेला माणूस ही लेबलं सराईतपणे लावतो, इतर लोक "मध्यममार्गी" म्हणून सुटका करून घेतात, आणि त्याच मध्यममार्गींची प्रत्यक्ष धोरणांवरची मतं कधी या टोकाला तर कधी त्या टोकाला असतात. दहा-बारा धोरणप्रश्न घेऊन त्यांचा एकत्रित गुणांक काढा. शिवाय मतांमधलं अंतर आणि समोरच्या पक्षाविषयीचा तिटकारा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिटकाऱ्यासाठी अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीजमध्ये ० ते १०० अंशांचा "भावना-तापमापक" प्रश्न दशकानुदशकं विचारला जातो. तुमचा प्रश्न कोणत्या ध्रुवीकरणाचा आहे ते पहिल्या पानावर लिहून टाका.

५. कोणाच्या तुलनेत?

माझ्या मते सगळ्या अभ्यासाचं मर्म इथे आहे. "प्राथमिक मतदार कट्टर असतात" या वाक्याला तुलनेशिवाय अर्थ नाही, आणि तुलना चार प्रकारे करता येते.

रिपब्लिकन प्राथमिक मतदाराची तुलना सगळ्या प्रौढ नागरिकांशी केली तर तो उजवीकडेच दिसणार; तो रिपब्लिकन आहे, यात शोध कसला? नोव्हेंबरच्या सगळ्या मतदारांशी केली तरी तेच. खरी कसोटी लागते नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाला मत देणाऱ्यांशी तुलना केल्यावर. चौथी तुलना पक्षाकडे झुकणाऱ्या पण कधीच मत न देणाऱ्यांशी.

जॉन साइड्स, ख्रिस टौसानोविच, लिन व्हाव्रेक आणि ख्रिस्तोफर वॉर्शॉ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच स्वपक्षीय तुलना केली. त्यांना प्राथमिक मतदार आणि पक्षाचे इतर मतदार यांच्यात, लोकसंख्येच्या गुणवैशिष्ट्यांत आणि धोरणांवरच्या मतांत, फारच थोडा फरक आढळला. सेथ हिल यांच्या २०१५ च्या अभ्यासात मात्र प्राथमिक मतदार स्वपक्षाच्या नोव्हेंबरच्या मतदारांहून टोकाकडे झुकलेले दिसले. पण पद्धत बंद असो की खुली, त्या झुकण्यात ठळक फरक पडला नाही. दोन्ही अभ्यास जबाबदारीने केलेले आहेत. नवशिक्याने त्यातला आपल्याला आवडणारा उचलू नये. एकच विदा घेऊन चारही तुलना करा आणि एका तक्त्यात मांडा. मतभेद कुठून येतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल: कोणते प्रश्न घेतले, कोणाला पक्षाचा मतदार मानलं, मत दिल्याची खात्री कशी केली.

६. मतदारापासून खासदारापर्यंत

मतदार जरासे टोकाकडे असले, तरी त्यामुळे उमेदवार टोकाचे निवडले जातात हे वेगळं सिद्ध करावं लागतं. खासदारांसाठी व्होटव्ह्यू या संकेतस्थळावरचे नॉमिनेट गुणांक वापरा. सभागृहातल्या मतदानावरून ते काढले जातात आणि साधारण उणे १ (डावं टोक) ते अधिक १ (उजवं टोक) मध्ये असतात. पण हरलेल्या उमेदवाराने सभागृहात कधी मत दिलेलंच नसतं. त्यासाठी अ‍ॅडम बोनिका यांचे देणग्यांवरून काढलेले गुणांक आहेत: कोणाला कोण पैसे देतं यावरून उमेदवाराची जागा ठरवायची. दोन मापं एकाच आलेखात मिसळू नका.

इथे अँड्र्यू हॉल यांचा २०१५ चा अभ्यास सावकाश वाचण्यासारखा आहे. त्यांनी प्रतिनिधिगृहाच्या अशा प्राथमिक निवडणुका घेतल्या जिथे एक टोकाचा आणि एक मवाळ उमेदवार अगदी थोड्या मतांनी हरले-जिंकले. इतक्या चुरशीत कोण जिंकलं हे जवळपास नशिबावर असतं, म्हणून दोन्ही गटांतले मतदारसंघ एकमेकांसारखे मानता येतात. टोकाचा उमेदवार जेमतेम जिंकला तिथे नोव्हेंबरमध्ये पक्षाच्या मतांचा वाटा ९ ते १३ टक्के-अंकांनी घसरला. म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीचे मतदार टोकाच्या उमेदवाराला शिक्षा करतात. चुरशीची निवड घेऊन तुलना करण्याची ही युक्ती शिकून घ्या, पुढे कुठेही उपयोगी पडेल.

निकालाची दिशाही गृहीत धरू नका. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात पक्षाच्या डावीकडच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी डेमोक्रॅट नेते जो क्राउली यांना हरवलं. एकूण मतं ३० हजारांच्या आत, पद्धत बंद. कँटर हरले ती पद्धत खुली होती. २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या ४३५ सदस्यांपैकी फक्त चौघे प्राथमिक निवडणुकीत हरले, आणि त्यातले जमाल बोमन आणि कोरी बुश हे पक्षाच्या डाव्या टोकाचे होते. त्यांना पक्षातल्याच मध्याकडच्या उमेदवारांनी हरवलं. गाजलेल्या दोन-तीन पराभवांवर सिद्धांत उभारणारा अभ्यासक अशा वेळी अडचणीत येतो.

७. कारण सिद्ध करण्याचे मार्ग

सगळ्यांत सोपी कसोटी कालक्रमाची. प्राथमिक निवडणुका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्या. अमेरिकी काँग्रेसमधलं, म्हणजे तिथल्या संसदेतलं, ध्रुवीकरण त्यानंतर कमी होत गेलं, शतकाच्या मध्यात तळाला होतं, आणि १९७० च्या दशकापासून चढत गेलं. पद्धत आल्यावर सहा-सात दशकांनी परिणाम सुरू झाला असं म्हणायचं असेल, तर मध्ये आणखी काय बदललं ते सांगावं लागेल. १९७२ चे बदल राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचे होते, काँग्रेसच्या नव्हे. शिगेओ हिरानो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हा लांबचा पल्ला तपासला. प्राथमिक निवडणुकांमुळे काँग्रेस दुभंगली याला त्यांना फारसा आधार मिळाला नाही. एरिक मॅकगी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये राज्य विधिमंडळांचे सदस्य घेतले, आणि प्राथमिक निवडणूक किती खुली आहे यावरून सदस्य किती टोकाचा हे फारसं ठरत नाही असं त्यांना दिसलं.

दुसरा मार्ग कायदा बदललेल्या राज्यांचा. बदलाआधी आणि बदलानंतर, त्या राज्यात आणि न बदललेल्या राज्यात, असे चार आकडे घेऊन फरकातला फरक काढायचा. कॅलिफोर्निया इथे मोहात पाडतो, पण २०१२ मध्ये तिथे पहिल्या दोघांची पद्धत आली तेव्हाच नागरिक आयोगाने आखलेल्या नव्या मतदारसंघांवरही पहिल्यांदा निवडणूक झाली. दोन बदल एकदम. कोणत्याचा परिणाम, हे वेगळं काढायला कष्ट पडतात. अलास्का एकच राज्य आहे आणि तिथल्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांच्यासारखी व्यक्ती दुसरीकडे नाही: २०१० मध्ये त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक हरून मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिलेल्या मतांवर जिंकल्या, आणि २०२२ मध्ये नव्या पद्धतीत पुन्हा जिंकल्या. उदाहरण म्हणून ते मोलाचं आहे, पुरावा म्हणून एकटं अपुरं.

८. भीतीचा अभ्यास

हा भाग आकड्यांत सर्वांत कमी पकडला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्राथमिक निवडणुकीत हरणारे विद्यमान सदस्य मूठभर असतात. पण हरायच्या भीतीने मत बदलणारे किती, हे पराभवांच्या यादीत दिसत नाही.

१३ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवण्याच्या बाजूने प्रतिनिधिगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी मत दिलं. चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत. चौघे प्राथमिक निवडणुकीत हरले. वायोमिंगच्या लिझ चेनी त्यांतल्या एक. दोघे टिकले: वॉशिंग्टनचे डॅन न्यूहाउस आणि कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हॅलाडेओ, दोघेही पहिल्या दोघांच्या पद्धतीच्या राज्यांतले. पद्धतीने वाचवलं असं लगेच लिहावंसं वाटतं. पण वॉशिंग्टनच्याच जेमी हेरेरा बॉयटलर त्याच पद्धतीत हरल्या. आणि उभे न राहिलेल्या चौघांना हिशेबात कुठे धरायचं? पराभूत धरले तर एक चित्र दिसतं, वगळले तर दुसरं.

भीती मोजण्याचा एक मार्ग असा: अर्ज भरण्याची मुदत संपण्याआधी आणि नंतर, किंवा प्राथमिक निवडणूक पार पडण्याआधी आणि नंतर, त्याच सदस्याचं सभागृहातलं मतदान बदलतं का ते बघा. राज्यांच्या तारखा वेगवेगळ्या असल्याने ही तुलना जमते. दुसरा मार्ग मुलाखतींचा. आजी सदस्य वेळ देणार नाहीत, पण काउंटी पातळीवरचे पक्षाध्यक्ष आणि माजी विधिमंडळ सदस्य पुष्कळदा मोकळेपणाने बोलतात. "तुमच्या प्राथमिक निवडणुकीला कोण येतं असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न विचारा, आणि त्यांचं उत्तर त्याच काउंटीच्या यादीतल्या आकड्यांशेजारी ठेवा. नेत्याच्या मनातला मतदार आणि यादीतला मतदार यांच्यातलं अंतर हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यावर काम कमी झालंय.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना इथे हातासरशी करता येण्याजोगा अभ्यास आहे. न्यू जर्सीत जूनमध्ये प्राथमिक निवडणूक होते आणि पक्षात नोंद नसलेला मतदार मतदान केंद्रावर जाऊन त्याच दिवशी पक्ष निवडू शकतो. नागरिकत्व घेतलेली, दर नोव्हेंबरला मत देणारी मराठी कुटुंबं जूनमध्ये का जात नाहीत? माहीत नसतं, पक्षाचं नाव कागदावर नको असतं, की उमेदवारी पक्षच ठरवतो ही इथून नेलेली समजूत? महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून पंधरा-वीस सविस्तर मुलाखती झाल्या तरी प्रश्नाला आकार येईल. मंडळात येणारी माणसं सगळ्या मराठी मतदारांची प्रतिनिधी नाहीत, एवढं मात्र ठळक लिहा.

९. हाती लागलेल्या नावांचं काय करायचं

यादी सार्वजनिक आहे, म्हणून माणसं सार्वजनिक होत नाहीत. विश्लेषणासाठी फाइल उतरवली की पहिल्याच पायरीला नाव, पत्ता, फोन हे रकाने काढून टाका. तुम्हाला क्रमांक, पक्ष, वय आणि मतदान एवढंच लागतं. यादीच्या वापराचे नियम राज्यागणिक निराळे आहेत, काही राज्यं व्यापारी वापराला मनाई करतात. विद्यापीठात असाल तर नैतिकता समितीला आधीच विचारा. अगदी लहान गटांचे आकडे, समजा एका मतदान केंद्रावरचे तिघे, छापू नका. गावात ते तिघे कोण हे सगळ्यांना कळतं.

१०. आत्ता काय उतरवून ठेवावं

लुइझियानाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने काँग्रेसच्या निवडणुकांसाठी २०२६ पासून पक्षनिहाय प्राथमिक निवडणुका आणल्या. त्याआधी तिथे सगळे उमेदवार एकत्र लढत. न्यू मेक्सिकोने उलट दिशा धरली: २०२५ च्या कायद्याने पक्षाविना मतदारांना २०२६ पासून प्राथमिक निवडणुकीचं दार उघडलं. एक राज्य बंद होतंय, एक उघडतंय, आणि शेजारी टेक्सास आहे जिथे प्राथमिक निवडणुकीची पद्धत बदललेली नाही. पहिल्या मोठ्या अभ्यासासाठी यापेक्षा सोयीची मांडणी सहसा मिळत नाही. फक्त याद्या दर काही दिवसांनी बदलतात आणि प्रत्येक राज्य जुन्या प्रती जपून ठेवत नाही. म्हणून तिन्ही राज्यांच्या यादीची प्रत कशी आणि किती शुल्काला मिळते ते आजच विचारा, मिळेल ती प्रत फाइलीच्या नावात तारीख घालून साठवा, आणि मूळ प्रतीला कधी हात लावू नका. सगळी साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा.